अल्पमुदतीचा कारावास : पर्याय आणि त्याची मर्यादा

काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या कारावासाने अपराधी सुधारत नाही. त्याचा रोजगार व प्रतिष्ठा मात्र जाते, हा दंडशास्त्रातील जुना आक्षेप होय. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये, जन्मठेपेस पात्र नसलेल्या अपराधात २१ वर्षांखालील व्यक्तीस कारावास द्यावयाचा झाल्यास न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने 'सामुदायिक सेवा' हा शिक्षाप्रकार दंडविधानात प्रथमच आणला.

हे पाऊल स्वागतार्ह असले, तरी अपुरे आहे. ही शिक्षा केवळ सहा अपराधांना लागू होते. ५,००० रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्या चोरीत ती मिळण्यासाठी चोरलेली वस्तू किंवा तिची किंमत परत करावी लागते. म्हणजे ज्याने भुकेपोटी चोरले आणि खाऊन टाकले, तो निर्धन या सवलतीबाहेरच राहतो. सेवा किती तासांची असावी, याविषयीही संहिता मौन बाळगते.

मूळ प्रश्न मात्र निकालापूर्वीचा आहे. जामीनदार न मिळालेला आरोपी कच्चा कैदी म्हणून तुरुंगात राहतो. दोषी ठरल्यावर तो काळ शिक्षेतून वजा होतो आणि अनेकदा 'भोगली तेवढीच शिक्षा' असा आदेश निघतो. अशा वेळी शिक्षेची मुदत न्यायाधीश नव्हे, तर आरोपीचे दारिद्र्य ठरविते. तात्पर्य, जामीनव्यवस्थेला हात न लावता केवळ शिक्षेचे पर्याय शोधणे, हा अर्धाच विचार ठरतो.