प्राथमिक स्तरावरील जीवनकौशल्य शिक्षण : एक चिकित्सा

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात शाळांसाठी सुचविलेल्या दहा जीवनकौशल्यांत स्व-जाणीव, समानुभूती, निर्णयक्षमता, चिकित्सक विचार, प्रभावी संप्रेषण आदींचा अंतर्भाव होतो. महाराष्ट्रातील प्राथमिक मूल्यशिक्षणाची यादीही दहा मूल्यांचीच आहे. आपल्याकडे या दोन याद्या सर्रास एकत्र केल्या जातात. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नेमका येथे आहे. मूल्यांची यादी बालकाने कसे वागावे हे सांगते; कौशल्यांची यादी बालकाने स्वतः ठरवावे अशी अपेक्षा बाळगते. (मूल्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे, परंतु परिपाठाच्या वेळी आठवण होते ती बहुधा नीटनेटकेपणाची.)

'सुरक्षित व असुरक्षित स्पर्श' हा घटक पाहू. 2012 च्या पोक्सो कायद्यानंतर तो अनेक प्राथमिक वर्गांपर्यंत पोहोचला, हे स्वागतार्हच होय. नको असलेल्या स्पर्शाला ठामपणे 'नाही' म्हण, तेथून निघून जा, विश्वासातील मोठ्या व्यक्तीला सांग, असे या पाठात मुलीला शिकविले जाते. तीच मुलगी पुढच्या तासाला करंगळी वर करते आणि 'आता नाही, सुट्टीत जा' असे ऐकते. स्वतःच्या शरीराची गरज ओळखून ती बोलून दाखविणे हीच स्व-जाणीव आणि हेच संप्रेषण. वर्गात मात्र तो व्यत्यय ठरतो. अत्याचार करणारी व्यक्ती बहुतांशी मुलाच्या परिचयातील असते. मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये हा संस्कार जेथे दिवसभर घडतो, तेथे एका तासिकेत शिकविलेला नकार ऐन प्रसंगी त्या मुलीच्या ओठांवर कसा यावा?

जीवनकौशल्यांची मूळ मांडणी बांडुरा यांच्या सामाजिक अध्ययनाच्या सिद्धांतावर आधारलेली आहे. मूल निरीक्षणातून व सरावातून शिकते, हे त्यात गृहीत आहे. आपण मात्र व्याख्या फळ्यावर लिहून देतो. 2010 पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा वर्णनात्मक नोंदींमुळे हे बदलेल अशी आशा होती. परंतु तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि 'इतरांना मदत करतो' हे वाक्य असंख्य प्रगतिपत्रकांवर उतरले.

हात धुण्याचे कौशल्य त्या मानाने सोपे. नळाला पाणी व जवळ साबण असला की मुले ते शिकतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस 2010 पासूनच मनाई आहे. अध्यापक विद्यालयांनी सराव पाठांच्या निरीक्षणात एक बाब समाविष्ट करावी : मुलाने शिक्षकाच्या म्हणण्यास नकार दिला, तेव्हा छात्राध्यापकाने कोणता प्रतिसाद दिला?