बंगल्याच्या फाटकावरचा पाटील

पौड मागे टाकून ताम्हिणीकडे निघालं की धरणाच्या कडेकडेने प्लॉटिंगच्या पाट्या सुरू होतात. एनए, रोड टच, लेक व्ह्यू आणि हमखास ‘क्लिअर टायटल’. हे मुद्दाम लिहावं लागतं, यातच मुळशी तालुक्याची अर्धी कहाणी आली. उरलेली अर्धी प्रवीण विठ्ठल तरडे यांनी ‘मुळशी पॅटर्न’मध्ये (२०१८) सांगितली. लोकांना त्यातले कोयते, पाठलाग आणि गाणी आठवतात. मला मात्र हा चित्रपट तरुणांच्या हिंसेवरच्या एखाद्या चांगल्या प्रबंधासारखा वाचावासा वाटतो.

प्रबंधाचा गाभा एका माणसात आहे. सखाराम पाटील. कधीकाळी गावचा मानकरी, आता स्वतःच विकलेल्या जमिनीवर वॉचमन. मोहन जोशींनी ही भूमिका फार आवाज न करता केली आहे, आणि तेच तिचं बळ. फाटक उघडणं, बंद करणं, साहेबांपुढे मान लववणं, एवढंच त्या नोकरीचं काम. पण हे काम करणारा कालपर्यंत इथला धनी होता, हे आपल्याला माहीत असतं आणि त्याच्या पोरालाही. पुढे घर उठतं, पुण्याला येतं, पाटील मार्केट यार्डात हमाली करू लागतो. त्याचा मुलगा, ओम भूतकरचा राहुल, नन्याभाई या गुंडाच्या टोळीत शिरतो तो यानंतर. म्हणजे राहुलच्या हातात हत्यार येण्याच्या कितीतरी आधी गोष्टीतला पहिला घाव बसून गेलेला असतो, आणि तो घालताना रक्त सांडलेलं नसतं. खरेदीखतावर सही झालेली असते, इतकंच.

इथे तरडे एक अवघड गोष्ट करतात. ते बापाला निर्दोष ठरवत नाहीत. जमीन कुणी हिसकावली नाही, त्याने विकली आणि आलेला पैसा उडवला. एखादा भाबडा लेखक इथे दुष्ट सावकार आणून मोकळा झाला असता. मग राहुलचा राग सरळ रेषेत गेला असता. पण विकणारा बापच असल्यामुळे तो राग घरातच कोंडतो आणि नंतर जो समोर येईल त्याच्यावर फुटतो.

याच तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी दुसरा राग पाहिला आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. धरण झालंच, सत्याग्रह हरला. तरीही त्या रागाला समोर शत्रू होता, म्हणून त्याची चळवळ होऊ शकली. राहुलच्या पिढीसमोर उभा होता तो एजंट, हातात इसारपावती घेऊन, आणि त्याला चहा पाजणारे आपलेच काका. अशा रागाची चळवळ होत नाही, टोळी होते. चित्रपट हे कुठे बोलून दाखवत नाही, पण त्याची सगळी रचना हेच सांगते.

शिकागोचे समाजशास्त्रज्ञ फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली तिथल्या १,३१३ टोळ्यांवर पुस्तक लिहिलं. टोळ्या सांदीकोपऱ्यात उगवतात, एक वस्ती मोडत असते आणि दुसरी अजून बसलेली नसते अशा पट्ट्यात, असं त्यांचं निरीक्षण. हिंजवडीचं आयटी पार्क आणि ताम्हिणीचं अभयारण्य एकाच तालुक्यात आहेत. या दोहोंमधलं सगळं शिवार म्हणजे तशीच सांद.

शिवाय या सांदीत हिंसेला बाजारभाव आहे. सातबारावर चुलत्या-पुतण्यांची नावं, वारसनोंद अडकलेली, एकाच गटाचं दोघांना साठेखत. दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालतो, पोलिसांकडे गेलं तर ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून वाटेला लावतात. तेव्हा पत्र्याचं कंपाउंड ठोकून ‘ताबा मारणारी’ पोरं लागतात. राहुलसारख्यांची भरती या कामासाठी होते. उपेंद्र लिमयेंचा इन्स्पेक्टर कडू टोळीला टोळीशी झुंजवतो. पण कडूची सगळी हुशारी गुन्हा घडल्यानंतरची आहे. कंपाउंड ठोकलं जात होतं तेव्हा पोलिस कुठे होते, हे चित्रपट त्याला विचारत नाही. विचारायला हवं होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. ज्या झगमगाटाला राहुल भुलतो, त्याला कॅमेराही भुलतो. स्लो मोशनमधली एंट्री, गाड्यांचा ताफा, ‘अररारा खतरनाक’ची ठेका धरायला लावणारी चाल. नरेंद्र भिडे यांचं संगीत इतकं जमलं आहे की वरातीत त्यावर नाचणाऱ्या पोराला बाप आठवण्याचं कारण उरत नाही. बायका तर या गोष्टीत नावापुरत्याच आहेत. जमीन विकताना आईला कुणी विचारलं होतं का, हा प्रसंग मी शेवटपर्यंत शोधत राहिलो. २०२१च्या ‘अंतिम’ या हिंदी अवतारात सलमान खान पोलिस झाला आणि गोष्टीचा तोल अधिकाऱ्याकडे गेला. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

मूळ चित्रपटाने मात्र अभ्यासकांपुढे एक पक्कं गृहीतक ठेवलं आहे: आधी जमीन जाते, मग पोरगा. ते तपासता येण्यासारखं आहे. पुण्यातल्या समाजशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने मुळशीच्या दहा गावांचे गेल्या तीस वर्षांतले फेरफार काढावेत, शेजारी त्याच गावांतल्या पोरांवर दाखल झालेले गुन्हे ठेवावेत, आणि दोन्ही तारखावार वाचावेत.