नाव, जाळे आणि ऋण

मासेमारीची परंपरा समूहाला अन्नाबरोबर नीतीही पुरविते. परंतु त्या नीतीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. माणिक बंद्योपाध्याय यांच्या ‘पद्मा नदीर माझी’ (१९३६) या बंगाली कादंबरीत नाव व जाळे धनंजयचे, म्हणून अर्धी मासळी त्याची. उरलेल्या अर्ध्यात कुबेर आणि गणेश. तकषी शिवशंकर पिळ्ळै यांच्या ‘चेम्मीन’ (१९५६) या मल्याळम कादंबरीत चेंबनकुंजू परीकुट्टीच्या पैशावर नाव-जाळे घेतो व ऋण बुडवितो. लोकश्रद्धा मात्र त्या ऋणाविषयी मूक राहते आणि समुद्रावरील मच्छीमाराचे जीवित किनाऱ्यावरील पत्नीच्या पातिव्रत्याशी बांधते. ऋणाची टोचणी लागते ती मुलीला, करुत्तम्मेला. म्हणूनच ‘चेम्मीन’ला केवळ प्रेमाची शोकांतिका मानणे अपुरे ठरते. धनंजयचा वाटा मोजता येतो. करुत्तम्मेकडून वसूल झालेला वाटा कोणत्याच हिशेबात येत नाही.