चमत्कृती आणि औचित्य

आकिले व पिएर जाकोमो कास्तील्योनी या इटालियन बंधूंनी १९६२ साली रचलेला ‘तोयो’ हा उभा दिवा प्रथमदर्शनी केवळ चमत्कृती वाटतो. शिरोभागी मोटारीचा दिवा, दांड्यावर मासेमारीच्या गळकाठीच्या कड्या, तळाशी उघडेच ठेवलेले रोहित्र! परंतु कड्यांतून तार ओवलेली आहे. जड रोहित्रामुळे दिवा कलंडत नाही. आणि वर फेकलेला प्रखर झोत छतावरून परावर्तित होऊन खोलीत सौम्यपणे पसरतो. छत काळवंडलेले असेल तेथे मात्र हा दिवा निष्प्रभ ठरेल, ही त्याची मर्यादा मान्य करावयास हवी. तरीही परक्या वस्तूंना येथे नेमके काम लाभले आहे. केवळ विस्मयासाठी विचित्र वस्तू जमविणाऱ्या रचनांत हेच औचित्य हरवलेले असते.