हरवलेल्या खेळाचा गल्ला

ज्या कलाकृतीची प्रत कोठे शिल्लक नाही आणि जी पाहिलेला माणूस आता भेटणे नाही, तिच्याविषयी टीकाकाराने काय लिहावे? हा प्रश्न इतर गावांना क्वचितच पडत असेल, कोल्हापूरकरांना तो वारंवार पडतो. बाबूराव पेंटर यांचा 'सिंहगड' १९२३ सालचा आणि 'सावकारी पाश' १९२५ सालचा. हे दोन्ही मूकपट महाराष्ट्र फिल्म कंपनीचे, दोन्ही याच करवीरनगरीत घडलेले, आणि दोन्ही आज हरवलेले. तरी त्यांच्यावर बोलणारे, लिहिणारे पुष्कळ आहेत. सारे बोलणे फिरून फिरून दोन गोष्टींवर येते आणि त्या दोन्ही तिकिटाच्या खिडकीवरच्या आहेत. 'सिंहगड'ला गर्दी इतकी लोटली की सरकारने करमणूक कर बसवला, ही एक. 'सावकारी पाश' लोकांनी पाहिलाच नाही, कारण तो काळाच्या पुढे होता, ही दुसरी. या दोन गोष्टी आम्हांस नीट तपासून पाहावयाच्या आहेत.

खिडकीवरच्या गल्ल्यावरून हरवलेल्या खेळाविषयी कितपत सांगता येते, याचे एक उत्तम उदाहरण राणी एलिझाबेथच्या काळच्या लंडनमध्ये सापडते. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर फिलिप हेन्स्लो नावाच्या धंदेवाईक गृहस्थाने १५८७ साली 'रोज' नाट्यगृह बांधले. १५९२ पासून त्याने एका वहीत खेळांचे हिशेब टिपावयास सुरुवात केली. कोणत्या दिवशी कोणते नाटक झाले आणि आपल्या पदरात किती शिलिंग पडले, एवढेच. ही वही लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपलेली आहे. शेक्सपियरच्या समकालीनांविषयी विद्वानांना जे काही ठाऊक आहे, त्यातला मोठा वाटा या शुद्धलेखनशून्य वहीचा आहे.

त्या वहीत डिसेंबर १५९४ मध्ये एका सुखात्मिकेचे नाव प्रथम येते : 'द वाइज मॅन ऑफ वेस्ट चेस्टर'. त्या काळच्या बोलीत 'वाइज मॅन' म्हणजे नुसता शहाणा नव्हे, तर आपल्याकडचा देवऋषी, मंत्रतंत्र जाणणारा. तेव्हा 'वेस्ट चेस्टरचा देवऋषी' असे नाव मराठीत शोभेल. जुलै १५९७ पर्यंत या नाटकाचे ३२ प्रयोग वहीत नोंदले आहेत. हा आकडा आजच्या मराठी वाचकाला किरकोळ वाटेल. आपल्याकडे शंभर प्रयोग झाले तरी नारळ फोडून पुढे जातात. परंतु तेव्हाच्या लंडनमध्ये रोज निराळे नाटक लागे, एकच खेळ सलग चालवण्याची रीत नव्हती, आणि अनेक नाटके दोनचार प्रयोगांतच संपत. मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस'ची नोंद याच वहीत आहे; त्याच्या प्रयोगांची संख्या या देवऋष्याहून कमी भरते. 'फॉस्टस' जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाते आणि देवऋष्याचे एक वाक्यही उरलेले नाही.

येथे टीकाकाराला मोह होतो. इतके प्रयोग झाले त्या अर्थी नाटक फार चांगले असले पाहिजे, असे म्हणून मोकळे व्हावेसे वाटते. पण वही तसे सांगत नाही. अभ्यासकांचे मत असे की, हेन्स्लोने टिपलेली रक्कम म्हणजे गॅलरीतून आलेल्या पैशाचा मालकाच्या वाट्याचा निम्मा भाग. एक पेनी देऊन अंगणात उभे राहणारे प्रेक्षक या आकड्यात धरलेलेच नाहीत. सुखात्मिकेला हसणारा, शिट्या घालणारा वर्ग तर तोच! म्हणजे ही वही बसलेल्यांचा हिशेब देते, उभे असलेल्यांचा देत नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास पिटातल्या प्रेक्षकाला वगळून कोणी लिहू लागला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एक गोष्ट मात्र ही वही निःसंशय सांगते. १६०१ साली, म्हणजे शेवटच्या नोंदलेल्या प्रयोगानंतर चार वर्षांनी, नाटक मंडळीने या नाटकाची संहिता एडवर्ड अ‍ॅलन या नामांकित नटाकडून ४० शिलिंगांना विकत घेतली. जुन्या, लोकांनी पाहून टाकलेल्या नाटकासाठी दोन पौंड मोजणाऱ्या माणसांना त्या नाटकात अजून पैसा दिसत होता. हे अनुमान साधे आहे, पण पक्के आहे. अँथनी मंडे या लेखकाचे 'जॉन ए केंट अँड जॉन ए कंबर' हे दोन जादूगारांच्या झटापटीचे, चेस्टरच्या परिसरात घडणारे नाटक हस्तलिखितात उपलब्ध आहे. तेच हे नाटक दुसऱ्या नावाने वावरत असावे, असे काही विद्वान म्हणतात, आणि काहींना ते मान्य नाही. आम्हांस या वादात पडावयाचे नाही. आकडा असला म्हणजे वाद घालावयास निदान जमीन तरी मिळते, एवढेच येथे दाखवावयाचे होते.

कोल्हापुरातली आमची गोष्ट याच्या उलट आहे. लंडनला खेळ गेला आणि हिशेब राहिला. येथे खेळ गेला आणि हिशेबाची आख्यायिका राहिली. 'सिंहगड'च्या गर्दीविषयी जे सांगितले जाते त्यात आकडा कधीच नसतो. तेव्हा निदान सन तरी तपासावेत. ब्रिटनमध्ये करमणुकीवरचा कर १९१६ साली, महायुद्धाच्या खर्चासाठी, सुरू झाला. हिंदुस्थानात १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक सरकारांना असा कर बसवण्याची मोकळीक मिळाली. बंगालने १९२२ साली तसा कायदा केला. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ सालचा आहे, आणि तो त्या वर्षाचा पहिल्या क्रमांकाचा कायदा आहे. पहिल्या क्रमांकाच्या कायद्याचा मसुदा, चर्चा, मंजुरी हे सारे आधीपासून चालू असणार, हे सांगावयास वकील लागत नाही. कलकत्त्यात तर 'सिंहगड' यायच्या आधीच कर आलेला होता. सरकारला पैसा हवा होता आणि चित्रगृहांत तो दिसत होता. तानाजीने कोंढाणा घेतला असेल, करमणूक कर काही त्याच्यामुळे आला नाही, असेच आमचे मत झाले आहे.

मग ही आख्यायिका इतकी का टिकली? कारण ती गोड आहे. आपल्या गावच्या चित्राची दखल खुद्द सरकारला घ्यावी लागली, यात एक अभिमान आहे. त्या अभिमानाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या गोष्टीआड जे झाकले गेले त्याबद्दल. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरचे हे चित्र. रात्रीची चढाई दाखवण्यासाठी बाबूरावांनी त्यात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, आणि आपल्याकडे हा प्रयोग पहिल्यापैकी मानला जातो. बाबूराव मूळचे चित्रकार. मावसबंधू म्हणा की चुलतबंधू म्हणा, पण भावाहून जवळचे असे आनंदराव पेंटर यांच्या जोडीने त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. आनंदराव १९१६ साली गेले, आणि दोघांनी मिळून पाहिलेले कॅमेऱ्याचे स्वप्न बाबूरावांनी पुढे एकट्याने पुरे केले. पडद्यावर रंगाने रात्र उभी करणारा हात दिव्यांनी रात्र उभी करू लागला, ही 'सिंहगड'ची खरी बातमी होय. शंभर वर्षे आपण मात्र बुकिंगच्या रांगेचीच बातमी सांगत आलो.

'सावकारी पाश'ची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण तिच्यात पराभवाचा गौरव आहे. नारायण हरी आपटे यांची कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, सावकाराच्या कागदात जमीन जाते आणि शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. पुराणकथांच्या त्या दिवसांत असा विषय घेणे धाडसाचे होते, यात शंका नाही. सुपे गावात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज जाळले, त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पाश मात्र सुटला नव्हता. चित्र चालले नाही, आणि बाबूराव पुन्हा पौराणिकाकडे वळले, असे इतिहासकार लिहितात. येथवर आम्ही त्यांच्याबरोबर आहोत.

त्यापुढचे पाऊल मात्र आम्हांस टाकवत नाही. 'लोकांनी नाकारले म्हणून ते श्रेष्ठ' हा युक्तिवाद सुशिक्षितांना फार आवडतो. त्यात लोकांचे अज्ञान सिद्ध होते आणि आपली रसिकता आपोआप ठरते. पण ज्याने हे चित्र नाकारले तो प्रेक्षक कोण? चित्रगृहे शहरांत होती. ज्या कुळवाड्याची ही कथा, तो त्या खुर्च्यांवर बसलेला नव्हता. फिरत्या तंबूतला खेळ एखादे वेळी त्याच्या बाजारगावापर्यंत आला असेल तेवढाच. शहरातल्या प्रेक्षकांत कर्ज घेणारे होते तसे देणारेही होते. तेव्हा 'लोकांनी नाकारले' यातले लोक कोण, हे आधी ठरवावे लागेल. हेन्स्लोच्या वहीत उभे राहणारे जसे मोजले गेले नाहीत, तसे येथे शेतकरी मोजले गेले नाहीत. दुसरे असे की, बाबूरावांनी हाच विषय १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा हाती घेतला. अपयशाची ठेच लागलेला माणूस अकरा वर्षांनी त्याच दगडावर मुद्दाम पाय ठेवतो, तेव्हा त्या दगडाखाली काहीतरी आहे असा त्याचा विश्वास असतो. अ‍ॅलनच्या ४० शिलिंगांइतकाच हा पुरावा आम्हांस वजनदार वाटतो.

आणि कलेचा पुरावा? तो एका आठवणीपुरता उरला आहे. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी हे चित्र पाहिले होते. त्यांच्या स्मरणात ठसली ती मात्र बोलपटातली, अंधुक उजेडातली एक उदास झोपडी, आणि भुंकणारा कुत्रा.  ज्याच्या चित्रातले असे भुंकणे प्रेक्षकाच्या कानात राहते, तो दिग्दर्शक किती समर्थ असेल, हे त्या एका तपशिलावरून कळते. सगळ्या गल्ल्याच्या गोष्टी एका पारड्यात आणि हा कुत्रा दुसऱ्या पारड्यात घातला, तर आम्ही दुसरे पारडे उचलू.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या १९२७ सालच्या 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या मूकपटांचे काही अंश पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. दोन्ही पौराणिक. सामाजिक चित्र गेले आणि पौराणिक उरले, यात लोकांची निवड पाहू नये. हा डब्यांचा योगायोग आहे. हिंदुस्थानात सुमारे १,३०० मूकपट तयार झाले आणि त्यांतले जेमतेम तीस अंशतः वा पूर्णतः हाती आहेत. नायट्रेटची ती फीत चटकन पेट घेई, नीट ठेवली नाही तर आपोआप कुजे, आणि खेळ जुना झाला की तिच्यातल्या चांदीसाठी मोडीत निघे. संग्रह केला म्हणजे भीती सरते असेही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत कित्येक नायट्रेट फिती भस्म झाल्या.

एलिझाबेथच्या काळाचा विषय निघालाच आहे, तर त्या काळचा एक इंग्रज आपल्या वाचकांच्या घरातलाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. हेन्स्लो शिलिंग मोजत होता त्या वर्षांत ते साष्टीत मराठी ओवी घोटवीत होते. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ आणि १६५४ साली छापले गेले. त्या तीन आवृत्त्यांपैकी एकीचीही छापील प्रत आज ज्ञात नाही. किती छापल्या, किती खपल्या, काही कळावयास मार्ग नाही. तरीही ग्रंथ शाबूत आहे. कारण तो चर्चमध्ये आणि घरांत वाचला जाई, गायिला जाई, आणि लोकांनी हाताने त्याच्या नकला करून ठेवल्या; त्याच नकलांवरून १९०७ साली मंगळूरला साल्डान्हा यांनी तो पुन्हा छापला. फितीची अशी नक्कल कोणाला हाताने करता येत नाही, आणि वेस्ट चेस्टरच्या देवऋष्याचीही कोणी करून ठेवली नाही.

'सिंहगड' आणि 'सावकारी पाश' यांच्या बाबतीत मात्र एक काम अजून करता येण्याजोगे आहे. बाबूराव चित्राबरोबर मोठी रंगीत भित्तिपत्रके काढीत आणि कथेची छापील पुस्तिका देत. १९२४ च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'ची भित्तिपत्रके आपल्या देशातल्या आज उपलब्ध असलेल्या जुन्यांत जुन्या भित्तिपत्रकांत गणली जातात. असे कागद घरांत निघतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात फिरत्या तंबूंचा किंवा चित्रगृहांचा धंदा केलेली कुटुंबे आहेत. त्यांच्या माळ्यावर रोजकीर्दी आणि खतावण्या पडून असतील. बारदानात गुंडाळलेली अशी एखादी वही रद्दीवाल्याकडे जाण्याआधी उघडून १९२३ ते १९२५ ची पाने पाहावीत. खेळाचे नाव, तारीख आणि त्या दिवसाचा गल्ला, एवढ्या तीन रकान्यांनी पुष्कळ होईल. पत्र्याचा जुना डबा सापडला आणि आत फीत असली तर ती उन्हात नेऊ नये, देव्हाऱ्याच्या दिव्याजवळ किंवा चुलीजवळ उघडू नये, आणि तपकिरी भुकटी दिसली तरी टाकून देऊ नये. डबा आहे तसा थंड जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयास कळवावे.