अपात्रतेची सबब आणि ‘स्मृतिचित्रें’

देवानें हांक मारावी आणि माणसानें आपल्या अपात्रतेचा पाढा वाचावा, हा प्रसंग बायबलांत वारंवार येतो. मोशे आपली जीभ जड असल्याचें सांगतो, यिर्मया आपलें कोवळें वय पुढें करतो, यशयाला आपले ओठ अशुद्ध वाटतात. या कथांतील एक गोष्ट वाचकाच्या नजरेंतून सहसा निसटते. मोशेच्या एकेका हरकतीला देव उत्तर देतो खरा. परंतु ‘तूं योग्य आहेस’ असें तो एकदांही म्हणत नाहीं. आपण त्याच्याबरोबर राहूं, असें आश्वासन तो देतो. मात्र ‘दुसऱ्या कोणाला तरी पाठीव’ अशी विनवणी मोशे करूं लागतो, तेव्हां देवाचा कोप होतो. अपात्रतेची जाणीव देवाला खपते. तिची सबब खपत नाहीं.

ख्रिस्ती चरित्रवाङ्मयांत पुढें या जाणिवेचा एक साचा बनला. पूर्वायुष्य होईल तितकें काळें रंगवावयाचें, मग एका क्षणीं प्रकाश पाडावयाचा, आणि तेथून पुढें सारा उजेडच! संत ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनांत हें सर्व जिवंत वाटतें, कारण इ. स. ३८६ मधील मिलानच्या बागेंतल्या त्या प्रसंगानंतरही तो स्वतःची झडती घ्यावयाचें सोडीत नाहीं. त्याच्या अनुकरणकर्त्यांनीं मात्र दैन्याचा दागिना केला.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे (१९३४–३६) एक विनोदी व निर्मळ आत्मकथा म्हणूनच बहुधा पाहिलें जातें. आमच्या मतें पाचारणाविषयींचें इतकें प्रामाणिक पुस्तक मराठींत दुसरें नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांना जी हांक वाटली, ती त्यांच्या पत्नीवर आघात होऊन कोसळली. मीठसाखरही धुऊन घेणाऱ्या वडिलांच्या घरीं वाढलेली ही स्त्री. तिनें स्वतः बाप्तिस्मा घेतला तो पांच वर्षांनीं, १९०० मध्यें. मधल्या काळाचें वर्णन हा ग्रंथाचा गाभा होय. पतीजवळ राहावयास आल्यावरही तिचें सोवळें सुटत नाहीं. दृष्टान्त नाहीं, आकाशवाणी नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, असा प्रश्न ती स्वतःला घालते, आणि उत्तर सांपडतांच आपली वागणूक बदलते. आपण पापी, आपण अधम, असें म्हणत ती कोठेंही ऊर बडवीत नाहीं. स्वतःचा राग, हट्ट आणि अज्ञान हीं ती शेजारणीच्या गोष्टी सांगाव्या तशी सांगून टाकते.

एक उणीव कबूल केली पाहिजे. श्रद्धेच्या अंतरंगाविषयीं बाई फार थोडें बोलतात. भांडणें, पाहुणे, टिळकांचा अव्यवहारीपणा यांना पानेंच्या पानें मिळतात, आणि प्रार्थनेला ओझरता उल्लेख. मनाचा तळ पाहूं इच्छिणारा वाचक येथें थोडा उपाशी राहतो.

परंतु त्याच बाईंपुढें पुढें एक असें काम आलें कीं, तेथें अपात्रता हा नम्रतेचा उद्गार राहिला नाहीं; ती मोजतां येण्यासारखी होती. १९१९ मध्यें टिळक वारले तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरें शिकलेल्या विधवेनें कवीचें महाकाव्य हातीं घ्यावें, याला धाडसच म्हटलें पाहिजे. ‘हें माझें काम नव्हे’ म्हणावयास कोणाचीही हरकत नसती. त्यांनीं तें घेतलें आणि पुरें केलें; काव्याचा फार मोठा भाग त्यांचाच आहे. टिळकांची शब्दकळा त्यांत नाहीं, आणि ती आणण्याचा आटापिटाही नाहीं. कांहीं ठिकाणीं रचना सपाट होते. तरी ओवी त्यांना परकी वाटत नाहीं; कथा सांगण्याचा त्यांचा घरगुती वेग तिच्यांत सहज मावतो, आणि येशूभोवतींचीं साधीं माणसें त्यांच्या हातून अधिक ओळखीचीं होतात.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई वारल्या, तेव्हां ‘स्मृतिचित्रां’चा चौथा भाग तसाच राहिला होता. तो चिरंजीव देवदत्त यांनीं पुरा केला. आईची भाषा त्यांच्यापाशीं नव्हती, हें पहिल्या दोनचार पानांतच कळतें.