परक्याला नाव देताना

आकाशगंगाभर पसरलेली साम्राज्ये, ग्रहाग्रहांतली युद्धे असल्या कादंबऱ्या मराठीत फारशा रुजल्या नाहीत. परक्या बुद्धीशी माणसाची गाठ पडली तर काय होईल, हा प्रश्न मात्र जयंत नारळीकरांनी पुन्हापुन्हा हाताळला. त्यांच्या पुस्तकांची नावे शेजारी मांडून पाहावीत: ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासुर’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’. विषय अवकाशयुगातला, शब्द पुराणांतले, नाहीतर धर्मपरंपरेतले.

यावर एक आक्षेप संभवतो. लेमच्या ‘सोलारिस’मधला (१९६१) महासागर माणसाला शेवटपर्यंत उमगत नाही, खरा परका तो. घरचे नाव दिले की परकेपण निम्मे सरते.

पण नावानावांत फरक असतो. आर्थर क्लार्कच्या ‘रॉन्देव्हू विथ रामा’त (१९७३) ग्रीक-रोमन नावे संपल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हिंदू देवतांकडे वळलेले असतात, म्हणून त्या पन्नास किलोमीटर लांबीच्या यानाला रामाचे नाव मिळते. ते यान माणसाची दखलही न घेता निघून जाते. तिथे राम ही नोंदवहीतली खूण आहे. दुसरे कोणतेही नाव चालले असते.

‘वामन परत न आला’मध्ये ते चालले नसते. खोदकामात नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातल्या ज्ञानावरून यंत्रमानव घडतो आणि त्याचे नाव वामन. शास्त्रज्ञ ज्ञानाच्या मोहात असतात, तेव्हाच वाचकाला कळते की बटू दारात आला आहे आणि मागणी तीन पावलांवर थांबणार नाही. कुंकवासाठी ओळखले जाणारे आमचे केम शेतकऱ्यांचेही गाव. पाडव्याला बळीचे राज्य यावे असे म्हणणाऱ्या अशा गावात वामन हा देणाऱ्याचे सर्वस्व नेणारा पाहुणाही असतो. नारळीकरांची पात्रे अनेकदा विज्ञान समजावून सांगण्यापुरती बोलतात. भीतीचे काम हे एक नाव करते.

त्याची किंमतही आहे. वामन म्हटल्यावर तो काय करील हे आपण आधीच ठरवून टाकतो. त्याला स्वतःला काय हवे, हे विचारायचे राहते. लेमने तो प्रश्न उघडा ठेवला. नारळीकरांनी दाता कधी सावध व्हावा हे विचारले. आज विचार करणारी यंत्रे दारात उभी असताना दुसरा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो. मराठी विज्ञानकादंबरीने यापुढे मात्र पहिल्यालाही हात घालावा.